आंब्रोळी ते चौपाटी : विल्सन कॉलेजची वाटचाल

स्मरणिकेतला संस्थेचा इतिहास कसा असावा याचा एक ठरलेला शिरस्ता आहे. आरंभी संस्थापकांचे छायाचित्र, शेवटी देणगीदारांची यादी आणि मधे सगळे कसे सुरळीत पार पडले याची हकीकत. विल्सन कॉलेजच्या बाबतीत हा शिरस्ता पाळणे जरा अवघड जाते. या संस्थेचे संस्थापक पट्टीचे वादपटू होते आणि संस्था काढण्यामागचा हेतूही त्यांनी कधी लपवला नाही. मुंबईतल्या मुलांनी शिकावे आणि शिकून ख्रिस्ताकडे वळावे, असा तो हेतू होता. मुले आली आणि शिकलीही. ख्रिस्ताकडे मात्र मोजकीच वळली. उरलेल्यांनी इंग्रजी घेतले, तर्क घेतला, प्रश्न विचारायची सवय घेतली आणि आपापल्या वाटेने निघून गेली. संस्थेने त्यांना जाऊ दिले आणि पुढच्या वर्षी नवी मुले घेतली. ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे, आणि या संस्थेचा स्वभाव कुठे दिसत असेल तर तो त्यातच दिसतो.

१८२९ ते १८३९ : गिरगावातली शाळा

स्कॉटलंडमधल्या लॉडर या गावी १८०४ साली जन्मलेले जॉन विल्सन १८२९ च्या फेब्रुवारीत पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईत उतरले. स्कॉटिश मिशनचे काम त्याआधीपासून बाणकोट-हर्णै भागात चालू होते. मराठीचे धडे घ्यायला हे जोडपे प्रथम हर्णैला गेले. पुढे मुंबईतल्या शास्त्रीमंडळींशी वाद घालताना विल्सनसाहेबांना जी मराठी उपयोगी पडली, तिची सुरुवात अशी कोकणच्या किनाऱ्यावर झाली.

शाळा काढण्यात पुढाकार मार्गारेटबाईंचा होता. मुंबईत आल्या त्याच वर्षी त्यांनी मुलींसाठी वर्ग सुरू केले. मुलीला शिकवणे म्हणजे घरावर संकट ओढवून घेणे, असे मानणारा तो काळ होता. त्यांनी लावलेल्या रोपाचेच पुढे गावदेवीचे सेंट कोलंबा विद्यालय झाले. १८३५ साली मार्गारेटबाई वारल्या. दोन वर्षांनी त्यांच्या बहिणी ॲना आणि हे बेन स्कॉटलंडहून आल्या आणि त्यांनी ते काम पुढे चालवले. विल्सन कॉलेजच्या इतिहासात या तिघींचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो. वास्तविक या घराण्यातल्या शाळांत थोरली मुलींचीच शाळा आहे.

मुलांची इंग्रजी शाळा १८३२ साली गिरगावात आंब्रोळी येथे निघाली. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी सारा भर इंग्रजीवर दिला होता. विल्सन यांचे मत वेगळे होते. मुलाने आधी आपल्या भाषेत वाचा-लिहायला शिकावे आणि त्या पायावर इंग्रजी चढवावे, असे ते म्हणत. त्यामुळे त्यांच्या शाळांत मराठी ही पायरी होती, अडथळा नव्हे. मातृभाषेतून शिकवावे की इंग्रजीतून, हा वाद आजही आपल्याकडे दर जूनमध्ये नव्याने सुरू होतो. आंब्रोळीत तो इतक्या आधी एका परीने निकालात निघाला होता.

शाळेबाहेर विल्सन यांची वादसभा चालू होती. मोरभट दांडेकरांशी त्यांचा हिंदू धर्मावर जाहीर वाद झाला आणि दोन्ही बाजूंची पुस्तके छापली गेली. पारशी पंडितांशीही खंडनमंडन रंगले. ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ हे मासिक १८३० पासून निघतच होते. याच काळात त्यांनी पुराणवस्तूंचाही ध्यास घेतला. १८३५ च्या प्रवासात त्यांनी गिरनारचा अशोककालीन शिलालेख पाहिला. त्यांनी मिळवलेली त्याची नक्कल जेम्स प्रिन्सेप यांच्या हाती पडली आणि ब्राह्मी लिपीतले ते शिलालेख वाचण्याच्या कामी आली. १८३५ ते १८४२ या काळात विल्सन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष होते.

१८३९ साली धनजीभाई नौरोजी आणि होर्मसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि शहर ढवळून निघाले. प्रकरण कोर्टात गेले, निषेधाच्या सभा झाल्या. पालकांनी मुले काढून घेतली आणि वर्ग ओस पडले. संस्थेवर अशी पाळी येण्याची ही पहिलीच वेळ होती.

१८४० चे दशक : इमारत गेली, शाळा राहिली

पुढचे प्रकरण श्रीपत शेषाद्री यांचे. त्यांचे थोरले बंधू नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. श्रीपत हा कोवळ्या वयाचा मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहून परत आला. त्याला शुद्ध करून जातीत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यापायी स्वजातीचा रोषही त्यांनी पत्करला. मराठी वृत्तपत्रांचा आद्य संपादक आणि स्कॉटिश मिशनरी या प्रकरणात परस्परांविरुद्ध ठाकले होते, आणि दोन्ही बाजू आपापल्या परीने सुधारकच होत्या. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली.

याच सुमारास दुसरा धक्का थेट मायदेशातून आला. मे १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये फूट पडली. चर्चच्या कारभारात जमीनदारांचा आणि सरकारचा हात नको, म्हणून शेकडो पाद्री घरदार सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. विल्सन आणि मुंबईतले त्यांचे सहकारी फ्री चर्चबरोबर गेले. तत्त्व राखले, पण आंब्रोळीची जागा जुन्या चर्चकडे राहिली. विद्यार्थी आणि शिक्षक घेऊन संस्था दुसरीकडे गेली. विल्सन तेव्हा लांबच्या प्रवासावर होते आणि १८४७ साली परतले. मधल्या काळात शाळेचा भार रॉबर्ट नेस्बिट आणि जॉन मरे मिचेल यांनी वाहिला. संस्थेला नाव विल्सन यांचे असले तरी अडचणीच्या दिवसांत ती या दोघांनी जगवली, हे नोंदवायला हवे. नेस्बिट यांची मराठीवर उत्तम पकड होती, तर मरे मिचेल तुकारामांच्या अभंगांत रमत. पुण्यात याच मिशनची एक इंग्रजी शाळा होती. तिथे १८४१ ते १८४७ या काळात शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे जोतीराव फुले.

१८५० ते १८७५ : शाळेचे महाविद्यालय

संस्था खेतवाडीत स्थिरावली. संस्थेत शिकलेल्यांत बाबा पदमनजी होते. त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ साली आली. विधवांच्या दुःखावरचे हे पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी मानले जाते.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. संस्थेचा वरचा विभाग १८६१ साली विद्यापीठाला संलग्न झाला आणि तिथपासून शाळा व महाविद्यालय अशा दोन शाखा स्पष्टपणे वाढू लागल्या. पुढे विल्सन विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. परधर्मीयांच्या शहरात ज्यांच्याविरुद्ध निषेधसभा झाल्या होत्या, त्यांनाच तीस वर्षांनी त्या शहराने आपल्या विद्यापीठाच्या प्रमुखपदी पाहिले. मुंबईचा मोठेपणा म्हणावा तो हाच.

या दशकातली एक आठवण आफ्रिकेशी जोडलेली आहे. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६४ साली आपली छोटी आगबोट घेऊन झांझिबारहून मुंबईला आले. त्यांच्याबरोबर गुलामगिरीतून सोडवलेली मुले होती. त्यांतल्या चुमा आणि विकतानी या दोघांना त्यांनी डॉ. विल्सन यांच्या हवाली केले. ही मुले इथल्या मिशन शाळेत शिकली आणि पुढच्या मोहिमेत लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेला परतली. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांचे शव शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांत चुमा पुढे होता. संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी करताना त्याचे नाव कुणाला आठवत नाही. या स्मरणिकेत तरी ते यावे.

१ डिसेंबर १८७५ रोजी विल्सन मुंबईतच निवर्तले. त्यांच्या नावे विद्यापीठात भाषाशास्त्राची व्याख्यानमाला सुरू झाली आणि १८७७ साली त्या मालेत रामकृष्ण गोपाळ भांडारकर बोलले. संस्कृत, प्राकृत आणि त्यांतून निघालेल्या आपल्या भाषा यांवरची ती व्याख्याने अभ्यासक आजही उघडून पाहतात. एका पाद्र्याचे स्मारक भाषेच्या व्याख्यानांनी व्हावे, यात औचित्य होते.

१८८० चे दशक : चौपाटीवर

कॉलेज आज जिथे उभे आहे ती इमारत १८८९ ची. आराखडा जॉन ॲडम्स यांचा, शैली व्हिक्टोरियन गॉथिक, आणि समोर अरबी समुद्र. याच वर्षीच्या मार्चमध्ये पंडिता रमाबाईंनी चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केले. ते लवकरच पुण्याला गेले, पण रमाबाईंचे नाव कॉलेजशी पुढे वेगळ्या रीतीने जोडले गेले. मुलींच्या वसतिगृहाला त्यांचे नाव आहे.

मुलांच्या वसतिगृहाचे नाव मॅकिकन हॉल. डॉ. ड्युगल्ड मॅकिकन १८७७ साली मुंबईत आले आणि त्यांनी चार दशकांहून अधिक काळ या शहरात काढला. त्यांच्या प्राचार्यपदाच्या काळात कॉलेज खऱ्या अर्थाने कॉलेज झाले. तेही विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि १९१७ साली त्यांच्या चर्चने त्यांना महासभेच्या अध्यक्षपदाचा मान दिला. विल्सन यांनी कॉलेजला नाव दिले आणि मॅकिकन यांनी शिस्त दिली, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही. कोकणातून, देशावरून आणि गुजरातेतून आलेल्या मुलांना मुंबईत राहायला जागा मिळणे हीच मोठी अडचण असे. वसतिगृहांनी किती जणांचे शिक्षण तारले, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडायची नाही.

१८९० ते १९२० : वर्गातली माणसे

या तीस वर्षांत वर्गात बसलेल्या मुलांपैकी काहींची नावे लिहिली तरी पुरे.

दापोलीच्या मिशन शाळेतून आलेले पांडुरंग वामन काणे इथे संस्कृत शिकले. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली आला आणि शेवटचा १९६२ साली. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. मिशनच्या कॉलेजातून हिंदू धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा भाष्यकार बाहेर पडावा, हे मोरभट दांडेकरांना सांगितले असते तर त्यांचा विश्वास बसला नसता. विल्सनसाहेबांचा तर त्याहून नसता बसला. बाळ गंगाधर खेर यांनी १९०८ साली इथून बी.ए. केले. आचार्य कृपलानीही काही काळ इथले विद्यार्थी होते आणि पुढे दुसऱ्या कॉलेजात गेले. मोरारजी देसाई गोकुळदास तेजपाल बोर्डिंगात राहून विल्सनमध्ये शिकत होते.

धाकट्या भावंडाचीही, म्हणजे विल्सन हायस्कूलचीही एक गोष्ट इथे सांगायला हवी. तिथले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत जात. तिथे पुस्तक घेऊन बसणारा एक मुलगा त्यांच्या नजरेत भरला. तो मॅट्रिक झाला तेव्हा त्याच्या सत्कारात केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. तो मुलगा भीमराव आंबेडकर. तो विल्सनचा विद्यार्थी नव्हता, तेव्हा त्याच्यावर संस्थेने हक्क सांगू नये. मात्र केळुसकर संस्थेचे होते, एवढे म्हणायला हरकत नाही.

बायबलचा तास या काळात वेळापत्रकात असे. काही मुले मन लावून ऐकत आणि काही मागच्या बाकावर दुसरेच वाचत. पुढे देशभरच्या मिशन कॉलेजांत या तासाच्या सक्तीबद्दल चर्चा सुरू झाली आणि कालांतराने सक्ती सैल होत गेली.

१९२० चे दशक : प्राध्यापकांचा काळ

१ ऑगस्ट १९२० रोजी कॉलेजसमोरच्या वाळूत लोकमान्यांवर अंत्यसंस्कार झाले. त्या दिवसापासून चौपाटीला राजकीय अर्थ आला आणि कॉलेजच्या दारासमोर एक कायमचे सभास्थान उभे राहिले.

प्राचार्य जॉन मॅकेन्झी यांचे ‘हिंदू एथिक्स’ १९२२ साली निघाले. ते विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. प्रा. जेम्स केलॉक यांनी १९२६ साली महादेव गोविंद रानड्यांचे चरित्र लिहिले. नव्वद वर्षांपूर्वी इथल्या पाद्र्यांनी हिंदू धर्माच्या खंडनाची पुस्तके लिहिली होती. आता त्यांचे वारसदार हिंदू नीतिविचार आणि एका हिंदू सुधारकाचे आयुष्य आस्थेने उलगडून दाखवत होते. मधल्या काळात संस्थेत काय बदलले, हे या दोन पुस्तकांवरून जितके कळते तितके कोणत्याही ठरावावरून कळणार नाही. संस्कृतच्या आसनावर प्रा. ह. दा. वेलणकर होते. हस्तलिखितांच्या जगात त्यांचा ‘जिनरत्नकोश’ प्रमाण मानला जातो.

गणित शिकवणाऱ्यांत रघुनाथ धोंडो कर्वे होते. संततिनियमनाचा त्यांचा जाहीर प्रचार आणि मिशन कॉलेजची शिस्त यांचा मेळ बसणे कठीण होते, आणि १९२५ साली प्रा. कर्वे कॉलेजातून बाहेर पडले. दोन वर्षांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झाले. या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्याची उजळणी इथे करत नाही. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव काही वर्षे आपल्या कॉलेजात शिकवत होते, याचा अभिमान मात्र आज निःसंकोच बाळगायला हवा.

१९२९ साली स्कॉटलंडमधले चर्च पुन्हा एक झाले. १८४३ ची फूट मिटायला शहाऐंशी वर्षे लागली. मुंबईत मात्र आंब्रोळीची जागा कुणाची, हे विचारणारे तोवर कुणी उरले नव्हते.

१९३० ते १९४७ : रस्त्यावरचा आवाज

मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत चौपाटीवर माणसांचा समुद्र लोटे. खिडकीच्या आत तास चालू आणि बाहेर घोषणा, अशा स्थितीत शिकवणे आणि शिकणे दोन्ही अवघड. प्राध्यापक स्कॉटिश, विद्यार्थी बहुतेक काँग्रेसकडे झुकलेले. तरी कॉलेज चालले. शिस्तीचे प्रसंग आले असतील, पण त्यांच्या आठवणी जुने विद्यार्थी कडवटपणे सांगत नसत.

उषा मेहता यांनी १९३९ साली तत्त्वज्ञान घेऊन इथून पदवी मिळवली. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांनी कायद्याचे शिक्षण सोडले आणि सहकाऱ्यांबरोबर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांनी नोव्हेंबरमध्ये पकडेपर्यंत प्रक्षेपणाची जागा ही मंडळी सतत बदलत राहिली. कॉलेजात मुलींची संख्या वाढत गेली त्या काळातली ही सर्वांत ठळक विद्यार्थिनी.

१९४७ ते १९७५ : नवे धनी, जुने घर

खेर १९४६ ते १९५२ या काळात मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते आणि त्यांच्यामागून मोरारजी त्या पदावर आले. म्हणजे स्वातंत्र्याच्या पहिल्या दशकात सचिवालयाची खुर्ची एका विल्सनच्या विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे गेली. याच सुमारास, १९४७ ते १९४९ या काळात, काणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. कॉलेजने या तिघांचे श्रेय घेताना थोडे जपून घ्यावे. पण एवढ्या छोट्या कॉलेजला असा योग पुन्हा यायचा नाही.

स्कॉटिश प्राध्यापक एकेक करून मायदेशी परतले आणि प्राचार्यांची खुर्ची भारतीयांकडे आली. कारभार जॉन विल्सन एज्युकेशन सोसायटीकडे गेला. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि मूळच्या स्कॉटिश मिशनचा वारसा त्या व्यापक चर्चमध्ये सामावला. १९७५ च्या सुमारास दहा अधिक दोन अधिक तीन ही रचना आली, कनिष्ठ महाविद्यालय जोडले गेले आणि जुन्या जिन्यांवरून पूर्वीपेक्षा लहान वयाची मुले चढू-उतरू लागली. या स्थित्यंतरात मतभेद झाले नाहीत असे नाही. ते चर्चेने सुटले.

अलीकडची दशके

कला आणि विज्ञान या दोन जुन्या शाखांना माध्यम, व्यवस्थापन आणि माहिती तंत्रज्ञान या विषयांचे अभ्यासक्रम येऊन मिळाले. आता कॉलेज स्वायत्त आहे. अभ्यासक्रम ठरवण्याची मुभा वाढली आणि त्याबरोबर जबाबदारीही वाढली. इमारत वारसा यादीत आहे आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च दर पावसाळ्यानंतर डोळे वटारून उभा राहतो. हिंदी सिनेमावाल्यांना तिच्या कमानी आवडतात. त्यामुळे इथे कधीही पाऊल न ठेवलेल्या माणसालाही हे कॉलेज ओळखीचे वाटते. नेचर क्लबची मंडळी विद्यार्थ्यांना शहराबाहेरचे पक्षी दाखवतात.

वर्गात आता ख्रिस्ती मुलांबरोबर हिंदू, मुसलमान, पारशी, जैन आणि बौद्ध मुले बसतात. पुढच्या बाकावर गिरगावातला मराठी मुलगा कमी आणि विरार-कल्याणकडून लोकलने येणारा जास्त. गिरगावच्या चाळींची माणसे उपनगरांत गेली आणि त्यांची मुले चर्नी रोड स्टेशनवर उतरून परत आली, एवढाच फरक.

या इतिहासात आलेली नावे प्राचार्यांची, प्राध्यापकांची आणि नामवंतांची आहेत. प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुणारे मदतनीस, फी न भरलेल्या मुलाचे नाव मुद्दाम उशिरा पुकारणारे कारकून, संदर्भाचे पान स्वतः शोधून देणारे ग्रंथालयातले कर्मचारी, वसतिगृहाच्या भटारखान्यात रोज शेकडो पोळ्या लाटणारे हात आणि फाटकावरचे शिपाई यांची नावे अहवालांत नाहीत. हे कॉलेज त्या सगळ्यांनी मिळून चालवले आहे.

आंब्रोळीच्या शाळेला २०३२ साली दोनशे वर्षे पूर्ण होतील. त्यासाठी ‘विल्सोनियन’ या कॉलेज नियतकालिकाचे जुने अंक, वसतिगृहातली छायाचित्रे, प्रमाणपत्रे, सत्कारपत्रे असे जे काही माजी विद्यार्थ्यांच्या घरी माळ्यावर पडले असेल, ते ग्रंथालयाकडे पाठवावे, अशी संपादक मंडळाची विनंती आहे. मूळ प्रत द्यायची नसेल तर नक्कल चालेल. छायाचित्रामागे वर्ष आणि ओळखू येणाऱ्या माणसांची नावे मात्र पेन्सिलीने लिहावीत.